नाव घातलेली भांडी

मुंदडा शेठला शुक्रवारपर्यंत पाहिजे होतं
जिंतूर रोडच्या त्यांच्या मंगल कार्यालयाचं पान.
त्यात कॅलेंडर. तारखेवर बोट ठेवलं की कळावं
हॉल रिकामा आहे का धरलेला.
पैशाचं, म्हणाले, तुळशीच्या लग्नानंतर बघू.

तर मी कॅलेंडर केलं नाही.
आणलं.
एका ओळीची कमांड, एंटर,
आणि लाइट जायच्या आत सगळं खाली उतरलं:
बटणं, बाण, मागचा महिना, पुढचा महिना,
कुणीतरी रात्री जागून गोल केलेले कोपरे.

दादा बाजारातून आले. खांद्याला कोरायचं मशीन,
नखांत स्टीलचा भुगा.
"काय करू लालीस?"
"कॅलेंडर."
"तू केलं?"
"नाही. दुसऱ्याचं आहे. फुकट असतं."
"फुकट म्हंजे? इचारलंस का त्याला?"

मग लायसन्सची फाइल उघडली
आणि जमेल तशी मराठीत वाचून दाखवली:
वापरा. बदला. विकलं तरी चालेल.
मोडलं तर आम्हाला धरू नका.
फक्त वरचं नाव पुसू नका.

दादांनी मशीन खाली ठेवलं.
"मंग हे समाजाच्या भांड्यावानीच झालं की."

समाजाच्या खोलीत साठ पराती आहेत, चार पातेली,
एक झारा, ज्याची दांडी दर लग्नात निखळते.
प्रत्येकावर दादांच्या हातचं:
कै. गयाबाई मारोतराव यांच्या स्मरणार्थ.
गयाबाईंना पाहिलेलं आता कुणी उरलं नाही,
पण त्यांच्या परातीत
अख्ख्या गल्लीच्या पोरींच्या लग्नाची कणीक मळली गेली.
पोचे येतात. राखेनं घासतात.
नाव कुणी घासून काढत नाही.

फाइलमधलं नाव होतं योर्ग काहीतरी, राहणार ब्रेमेन.
"जगात जर्मनी," दादा म्हणाले
आणि चहा ओतायला लागले,
परभणीत बसून पुढचं काय म्हणायचं.

रात्री मराठी वार घातले, तर हे दिसलं:
स म ब ग श श र
योर्गचं कोड प्रत्येक वाराचा पहिला तुकडा कापत होतं
आणि आमचा काना, मात्रा, उकार, अनुस्वार
दुसऱ्या तुकड्यात राहत होता, दारातल्या चपलांसारखा.
शुक्रवार आणि शनिवार, दोघांचं तोंड सारखं.

दादांनी चष्मा लावून पाहिलं
आणि त्यांना खरंच राग आला.
"काठावर जागा नसली तर अक्षर बारीक करावं.
मात्रा तोडायची नसती."
चाळीस वर्षांत नागोराव कासारांनी
एका वाटीवरसुद्धा तोडलेली नाही.

तेरा ओळी लागल्या. तीन रात्री.
अक्षर मोजायचं ते डोळ्याला दिसतं तसं,
मशीनला दिसतं तसं नाही.
सो मं बु गु शु श र
शेठचं पान लावून दिलं. दुरुस्ती ब्रेमेनला पाठवली,
मोडक्या इंग्रजीत, दोनदा सॉरी लिहून.

अकरा दिवस काही नाही.
बाराव्या दिवशी एक अंगठा
आणि खाली त्याची एकच ओळ: थाई भाषेचंही हेच दुखणं होतं,
तेही गेलं.

"पैसे?" आईनं स्वयंपाकघरातून विचारलं.
"नाव आलंय," मी म्हटलं.
एक्केचाळिसावं. शिवकांता एन. कासार, इंग्रजीत.
दादांना इंग्रजी वाचता येत नाही,
पण कोरता येतं, चित्रासारखं.
बोटानं त्यांनी स्क्रीनवर माझं नाव
एकदा गिरवून घेतलं.

मग वरती पाहिलं, वारांच्या ओळीकडं, बराच वेळ.
"बु चा उकार," म्हणाले,
"खालच्या रेघेला चिकटू लालाय."

चिकटतोय खरा.
लाइट आली की बघते.